एमटीबीची स्ट्रीट सायकल करताना सुरुवात मागच्या ॲक्सलपासून

स्ट्रीटसाठी, म्हणजे रस्त्यावर-कट्ट्यांवर उड्या आणि कसरती मारायला, तयार मिळणारी डर्ट जंप सायकल महाग पडते आणि सांगली-मिरजेच्या दुकानांत ती उभी दिसणं अवघडच. म्हणून आमच्याकडे येणारी पोरं बहुतेक वेळा घरात पडून असलेली २६ इंची गिअरची एमटीबी (माउंटन बाइक) घेऊन येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "दादा, हँडल कुठलं टाकू?" हँडल सगळ्यात शेवटी येतं. आधी मागचं चाक ठरवायचं. डिस्क ब्रेक राहणार की रिमला पॅड दाबणारा व्ही-ब्रेक, पेग (कट्ट्याच्या कडेवर घसरायला ॲक्सलच्या टोकाला लावायची नळी) लावायचा की नाही, चेन ओढून घ्यायला खाचेत (फ्रेमच्या टोकाला ॲक्सल बसतो तिथे) जागा आहे की नाही, हे तिन्ही प्रश्न मागच्या ॲक्सलवर येऊन एकमेकांत अडकतात. एकाचं उत्तर बदललं की उरलेली दोन बदलतात. हे न ठरवता सामान गोळा केलं तर त्यातलं निम्मं बसत नाही.

इथे एका सायकलचं काम सलग सांगतो. स्टीलची १६ इंची फ्रेम, पुढे-मागे व्ही-ब्रेक, ३×७ गिअर, ३६ तारांची चाकं, पुढे ८० मिमीचा स्वस्त सस्पेन्शन चिमटा. अशा सायकली आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यामुळे मापं थोड्याफार फरकानं तुमच्या सायकललाही लागू पडतील.

फ्रेम स्टीलची निवडली, कारण मागच्या खाचा नव्या लावायच्या होत्या. ॲल्युमिनियमच्या फ्रेमा बहुतेक ६०६१ मिश्रधातूच्या असतात आणि त्यांची ताकद टी-६ नावाच्या उष्णताप्रक्रियेतून आलेली असते. वेल्ड केलं की सांध्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी मऊ पडते. अख्खी फ्रेम परत भट्टीत घालून ती ताकद आणणं एका सायकलपुरतं कुणी करून देत नाही. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर तिला वेल्डिंगचा हात लावू नका. तिच्यासाठी दुसरी वाट आहे, ती पुढे येईल.

जुनी स्टीलची फ्रेम घेताना सांगलीत एक गोष्ट जास्तीची बघावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी सायकली दिवसच्या दिवस कृष्णेच्या पाण्यात उभ्या होत्या. बाहेरून रंग मारलेला असतो, आत गाळ तसाच. सीटचा दांडा काढा, फ्रेम उलटी धरा आणि लाकडी हातोडीनं सीट ट्यूबवर हलके ठोके द्या. पिठासारखी बारीक, राखाडी माती पडायला लागली तर बीबी (क्रँक फिरतात तो खालचा बेअरिंगचा दांडा) काढून आत टॉर्च मारा. मातीबरोबर गंजाचे पापुद्रे येत असतील तर फ्रेम सोडून द्या. माती एकटीच असेल तर धुऊन, वाळवून, आत तेल फिरवून चालते. मग तड्यांकडे वळा. हेड ट्यूबच्या मागे दोन-तीन सेंटीमीटरवर खालच्या नळीच्या पोटाशी, आणि सीट ट्यूबला वरची नळी मिळते तिथे. रंगात केसासारखी आडवी रेघ असेल तर नखानं रंग खरवडून खालचं लोखंड बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

खोलताना सगळ्यात आधी सात दातऱ्यांचं फ्रीव्हील काढायचं. टायर आणि रिम चाकावर असतानाच. फ्रीव्हील काढायचं बारा खाचांचं हत्यार व्हाइसमध्ये उभं पकडायचं, चाक त्यावर बसवायचं आणि रिम दोन्ही हातांनी धरून डावीकडे फिरवायची. रिमच्या एवढ्या मोठ्या घेरामुळे घट्ट बसलेलं फ्रीव्हीलही सुटतं. काहीजण उत्साहात आधी तारा उसवतात. मग हातात नुसता हब उरतो आणि त्यावरचं फ्रीव्हील काढायला धरायला काहीच नसतं.

आता व्ही-ब्रेक का ठेवला ते. सात गिअरच्या थ्रेडेड हबमध्ये उजव्या बाजूला दातऱ्यांसाठी जागा सोडलेली असते, त्यामुळे उजवा कोन (ॲक्सलवरचा बेअरिंग धरणारा नट) आणि फ्रेमची खाच यांच्यात साडेतीन सेंटीमीटरहून जास्त ॲक्सल आधाराशिवाय लटकतो. उडी मारून मागच्या चाकावर आपटलं की ॲक्सल वाकतो तो नेमका इथेच. एकच दातरी ठेवायची म्हटल्यावर ही जागा फुकट आहे. आमच्या हबवर उजवीकडचा १० मिमीचा स्पेसर काढून डावीकडे घातला आणि हब तेवढा उजवीकडे सरकला. उजवीकडचं लटकणं कमी झालं. शिवाय आधी उजव्या तारा उभ्या आणि डाव्या पसरट होत्या, त्या जवळजवळ सारख्या कोनात आल्या, म्हणजे दोन्ही बाजूंना ताण सारखा बसायला लागला आणि चाक मजबूत झालं. डिस्क ब्रेकच्या हबला हे करता येत नाही. हब सरकला की रोटरही (ब्रेकची चकतीही) सरकतो आणि कॅलिपर फ्रेमवर आहे तिथेच राहतो. त्यात पेग डाव्या बाजूला लावायचा असतो, कारण उजवीकडे चेन आहे. आणि डावीकडे रोटर असेल तर कट्ट्यावर पहिली घासाघीस त्याचीच होते. म्हणून पेग हवा असेल तर मागे व्ही-ब्रेक, हे आमचं ठाम मत आहे.

स्पेसर नेमका किती हलवायचा हे चेनच्या रेषेवरून काढतात. ट्रिपल क्रँकची मधली चक्री फ्रेमच्या मध्यापासून साधारण ४८ मिमीवर असते. मागची फ्रेम १३५ मिमी रुंद, तिचा निम्मा ६७.५. म्हणजे उजव्या खाचेच्या आतल्या पृष्ठभागापासून मागच्या दात्याच्या मध्यापर्यंत १९ ते २० मिमी यायला हवेत. आधी सिंगल फ्रीव्हील हबवर पूर्ण बसवा, व्हर्नियरनं हे अंतर मोजा आणि मग स्पेसर ठरवा. स्पेसर बदलल्यावर रिम एका बाजूला गेलेली दिसेल. डाव्या तारा आवळत, उजव्या सैल करत तिला पुन्हा मध्यावर आणायचं. तारा त्याच चालतात, फरक जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. फक्त डाव्या बाजूच्या तारांची टोकं निपलमधून वर डोकावतात, ती कानशीनं घासून सपाट करा, नाहीतर ट्यूब आतून पंक्चर होते आणि कारण कळत नाही. आऊट (रिमचं डोलणं) काढून झाल्यावर एकेक तार बोटानं छेडून बघा. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर जवळपास एक यायला हवा. एखादी ढब्ब वाजली तर ती सैल आहे. मिरजेत तानपुरे जुळवणाऱ्यांच्या गावात हे कुणाला वेगळं शिकवावं लागू नये.

दातऱ्यांचं गणित सोपं आहे. पुढे ३२, मागे १६. इंचांत मोजलं तर २६ गुणिले २, म्हणजे ५२. बनी हॉपच्या (दोन्ही चाकं उचलून मारलेल्या उडीच्या) आधी दोन पेडल मारून वेग मिळतो आणि शंभर फुटी रोडवरून मिरजेपर्यंत जातानाही पाय नुसते भिरभिरत नाहीत. मागे १८ लावलं तर ४६ येतं, ते सपाट सांगलीत हलकं पडतं. साताऱ्यात यवतेश्वराच्या पायथ्याशी राहत असाल तर १८ चा विचार करा. साध्या सायकलचं १८ दात्यांचं फ्रीव्हील त्याच आट्यांवर बसतं आणि कुठेही मिळतं, पण त्याची कुत्री (आतल्या अडकणाऱ्या खिट्ट्या) झटक्याच्या जोराला घसरतात. हॉप मारायला पेडलवर जोर टाकला आणि ते घसरलं की गुडघा थेट स्टेमवर. बीएमएक्सचं १६ चं चांगलं फ्रीव्हील घ्या, इथे हात आखडता घेऊ नका. चेन मात्र साध्या सायकलचीच, १/२ × १/८ ची. ती गिअरच्या पातळ चक्रीवर चालते. उलटं, म्हणजे जाड चक्रीवर गिअरची पातळ चेन, बसत नाही.

यानंतर खाचा. गिअरच्या सायकलला मागची खाच उभी असते, त्यात चाक पुढे-मागे सरकत नाही आणि चेन ताणता येत नाही. स्प्रिंगचा टेन्शनर लावून काम भागतं असं सांगणारे भेटतील. रस्त्यावर भागतं. उडीवरून उतरताना तो चेनच्या हिसक्यानं मागे जातो आणि चेन पडते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला पर्याय हाफ लिंकचा: अर्धी कडी घातली की ॲक्सलच्या जागेत सुमारे ६.३ मिमीचा फरक पडतो आणि चक्रीचा एक दाता वाढवला की ३.२ मिमीचा. दोन्ही उलटसुलट करून जुळणी जवळ आणायची आणि शेवटचा अर्धा-पाऊण मिलिमीटर खाचेत कानस मारून मिळवायचा. चेन मधोमध बोटानं दाबल्यावर वर-खाली मिळून १० ते १५ मिमी हलली म्हणजे बरोबर.

स्टीलच्या फ्रेमवर आम्ही मागे उघडणाऱ्या आडव्या खाचा लावल्या. ६ मिमी जाड लोखंडी पत्र्यातून लेझर कटिंगनं दोन प्लेटा कापून घेतल्या. खाच १०.२ मिमी रुंद, ३० मिमी लांब. कुपवाड एमआयडीसीत एवढं छोटं काम देताना ड्रॉइंग फाइल स्वतः नेली तर उरलेल्या पत्र्याच्या तुकड्यातून लगेच निघून येतं; तोंडी सांगत बसलात तर ताटकळत राहाल. जुनी खाच हॅकसॉनं कापण्याआधी मूळ ॲक्सलचा मध्य बीबीपासून किती अंतरावर आहे ते दोन्ही बाजूंनी मोजून फ्रेमवर लिहून ठेवा.

नव्या खाचेत चाक मूळ जागेपेक्षा १० मिमी पुढे बसेल असं ठेवलं. मागचा भाग आखूड झाला की मॅन्युअल (पेडल न मारता पुढचं चाक उचलून चालवणं) आणि हॉप दोन्ही सोपे होतात, म्हणून आणखी पुढे घ्यायचा मोह होतो. पण ब्रेकच्या खुंट्या वरच्या नळ्यांवर पक्क्या आहेत. चाक १० मिमी पुढे गेलं की रिम त्यांच्यापासून पाच-सहा मिलिमीटर वर सरकते, आणि व्ही-ब्रेकच्या पॅडच्या खाचेत साधारण तेवढीच मोकळीक असते. यापेक्षा पुढे घेतलं तर पॅड रिमच्या आतल्या कडेवरून तारांकडे निसटतात.

प्लेटा जोडताना दोन्ही सरळ एका रेषेत राहिल्या पाहिजेत. त्यासाठी लेथवर १३५ मिमी लांबीचा नळा दोन्ही तोंडं चौकोनात घेऊन कापला, त्यातून एम १० ची दांडी घातली आणि दोन्ही प्लेटा त्यावर नटांनी आवळून मगच गॅसवर पितळी ब्रेझिंग केलं. फ्रेमच्या नळीची जाडी दीड मिलिमीटरच्या आत असते. आर्क वेल्डिंगनं तिला भोक पडतं. टिग वेल्डिंग चालतं, पण ते करणारा हात सराईत हवा. ब्रेझिंगला उष्णता कमी लागते. एक लक्षात ठेवा, जिथे पितळ लागलं तिथे नंतर टिग किंवा आर्क मारायचं नाही, कारण पितळ वितळून वेल्डमध्ये मिसळतं आणि सांधा ठिसूळ होतो. थंड झाल्यावर दोरा एका खाचेतून निघून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणायचा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. एक मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. मागे उघडणाऱ्या खाचेत जोराच्या पेडलनं चाकाची उजवी बाजू पुढे ओढली जाते, म्हणून साध्या सायकलला असतो तसा चेन ॲडजस्टर उजवीकडे लावला.

आता ॲक्सल. क्विक रिलीजचा असेल तर तो पोकळ असतो, पेगसाठी निकामी. भरीव लागतो. आमच्या हबमधला मूळ ॲक्सल १७५ मिमीचा होता. लागणारी लांबी अशी निघते: १३५ फ्रेम, दोन प्लेटांचे १२, डावीकडे पेगचा तळ ८, वॉशर २, नट १०, उजवीकडे वॉशर २ आणि नट १०. बेरीज १७९. तीन मिलिमीटर सोडून १८२ चा करून घेतला. मापाचा तयार क्रोमोली ॲक्सल मिळाला तर तोच घ्या, कारण त्याचे आटे दाबून केलेले असतात. लेथवर कापलेल्या आट्यांच्या तळाशी बारीक घळ राहते आणि तडा तिथून सुरू होतो. करूनच घ्यायचा तर लोखंड ईएन १९ किंवा ईएन २४, आणि तेही टी अवस्थेतलं, म्हणजे आधीच कडक करून आणलेलं. ईएन ८ वाकतं. साधं माइल्ड स्टील तर पहिल्याच कट्ट्यावर वाकतं.

लेथवाल्याकडे जाऊन "सायकलचा ॲक्सल करून द्या" म्हणालात तर तो अंगणातल्या सायकलचा विचार करतो. "एम दहा, पिच एक" असं सांगा. त्याआधी जुना ॲक्सल व्हर्नियरनं मोजा. ९.८ ते ९.९ मिमी आला तर एम १०×१. पण आपल्याकडच्या बऱ्याच हबमध्ये ३/८ इंची, इंचाला २६ आट्यांचा ॲक्सल असतो, तो ९.५ च्या आसपास भरतो. दोन्हींचे आटे इतके जवळचे आहेत की चुकीचा नट दोन फेरे सहज जातो आणि मग अडकतो. पान्यानं जोर लावला की आटे साफ. कोन, नट आणि ॲक्सल तिन्ही एकाच मापाचे आहेत हे हातानं फिरवून बघितल्याशिवाय पाना उचलू नका.

लेथच्या कामाला या जिल्ह्यात माणूस शोधावा लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानापासूनच, आणि १९१० मध्ये त्यांचा कारखाना आपल्या किर्लोस्करवाडीला आला. तेव्हापासून इथल्या हातांना लोखंड कापायची सवय आहे. कामाच्या गर्दीत एक पेग कुणी करणार नाही, दुपारच्या निवांत वेळी जा आणि हातानं काढलेलं, मापं घातलेलं चित्र बरोबर ठेवा.

पेग आपणच का करायचा, तर बाजारातले पेग १४ मिमीच्या बीएमएक्स ॲक्सलसाठी असतात. आपली खाच कानस मारून १४ ची केली तर तिच्या कडेला लोखंडच उरत नाही. म्हणून पेगचं भोक १०.२ मिमीचं हवं. आमच्या पेगची मापं: स्टीलचा गाभा, बाहेरून ३२ मिमी, आतून २५ मिमी, लांबी १००, तळाची जाडी ८. आतला २५ चा व्यास गोटी पान्यासाठी आहे. १५ मिमीच्या गोटीचं बाहेरचं अंग २२ च्या आसपास असतं, ते आत सहज उतरलं पाहिजे, नाहीतर नट आवळणार कसा? या गाभ्यावर नायलॉनच्या गोल बारमधून केलेली ४२ मिमी व्यासाची बाही दाबून बसवली आणि ती फिरू नये म्हणून तळाशी एम ५ चा एक बिनडोक्याचा स्क्रू दिला, तो नायलॉनच्या आत बुडलेला राहील असा. सगळं मिळून वजन साडेतीनशे ग्रॅमच्या घरात.

पेगचा तळ ॲक्सलला अगदी काटकोनात हवा. कट्ट्यावर उतरताना जोर पेगच्या टोकावर येतो, आणि तळ खाचेच्या प्लेटवर पूर्ण टेकलेला असेल तर तो सगळ्या गोलावर वाटला जातो. तळ तिरका असेल किंवा मध्ये रंगाचा थर असेल तर तोच जोर एकट्या ॲक्सलवर येतो आणि प्लेटच्या बाहेरच्या तोंडाशी तो वाकतो. लेथवर भोक आणि तळ एकाच पकडीत करून घ्या, पेग उलटा करून पुन्हा पकडला की काटकोन गेला. प्लेटवरचा रंग पेगच्या गोलाइतका खरवडून काढा. नट ३५ ते ४० न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर ३०० मिमीच्या दांड्यावर साधारण १३ किलोचा जोर म्हणजे तेवढंच. पुढच्या चाकाला पेग आम्ही लावत नाही. पुढचा ॲक्सल ९ मिमीचाच असतो आणि तो गेला तर सावरायला काही उरत नाही.

क्रँकचं थोडक्यात. स्वस्त क्रँकच्या तिन्ही चक्र्या रिव्हेटनं जडलेल्या असतात, त्या सुटत नाहीत. चार बोल्टची, १०४ बीसीडीची (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०४ मिमी) १७० मिमी क्रँक घ्या. ३२ ची चक्री मधल्या जागी, आणि बाहेरच्या जागी जुन्या ४२ च्या चक्रीचे दाते लेथवर उतरवून १५० मिमी व्यासाची केलेली तबकडी. चेनसकट ३२ ची चक्री १३८ मिमी भरते, म्हणजे कट्ट्याला आधी तबकडी लागते आणि चेन वाचते. बोल्ट तेच चालतात. चौकोनी टेपरच्या क्रँकमध्ये डावा हात सैल होतो, नेहमी तोच. ॲल्युमिनियमचा चौकोन स्टीलच्या दांड्यावर सैल अवस्थेत थोडा जरी चालवला तरी कोपरे गोल होतात आणि मग कितीही आवळा, तो पुन्हा सुटणारच. बीबीची उजवी वाटी उलट्या आट्यांची असते, डावं पेडलही.

चिमट्यावर पैसे खर्च करावे लागले तर करा. मूळचा सस्पेन्शन चिमटा हॉप मारताना दाबला जाऊन निम्मा जोर गिळतो आणि त्याच्या नळ्या अशा आपटण्यासाठी केलेल्याच नसतात. बिनस्प्रिंगचा स्टीलचा चिमटा लावला की किलोभर वजनही उतरतं. इथे उंची बघायची. ८० मिमीच्या सस्पेन्शन चिमट्याची ॲक्सलपासून वरच्या कप्पीपर्यंतची उंची ४५० मिमीच्या आसपास असते, साध्या २६ इंची सायकलच्या चिमट्याची ४०० च्या. तो ४०० चा बसवला तर पुढचा भाग ५० मिमी खाली येतो, हेड ट्यूब अडीच-पावणेतीन अंशांनी उभी होते आणि बीबी २० मिमी खाली जाते. सायकल नाकावर पडल्यासारखी चालते आणि पेडल कट्ट्याला लागतं. सस्पेन्शनच्या उंचीचा म्हणून मिळणारा ४४० चा चिमटा शोधा. साध्या चिमट्याला तुकडा जोडून लांब करून देणारे वेल्डर आहेत. ते करू नका. मागची खाच तुटली तर चाक अडकतं, चिमटा तुटला तर तोंड सिमेंटवर.

स्टेम ४० ते ५० मिमीचा, आटे नसलेल्या २८.६ मिमीच्या दांड्याचा. हँडल ७२० मिमी रुंद आणि ५० मिमी उंचीचं स्टीलचं. बीएमएक्सचं उंच हँडल २६ इंची सायकलवर छातीशी येतं, शिवाय ते मधोमध २२.२ मिमीचं असतं आणि आपला स्टेम ३१.८ किंवा २५.४ चा. सीटचा दांडा कापताना तो वरच्या नळीच्या जोडाच्या खालपर्यंत पोचेल एवढा ठेवा. टायर २६×२.१, कमी नक्षीचे, हवा ४५ ते ५० पीएसआय.

बारस्पिनसाठी, म्हणजे उडीत हँडल पूर्ण गोल फिरवण्यासाठी, मागच्या ब्रेकची केबल हँडलभोवती फिरली पाहिजे. यासाठी गायरो (केबल न गुंतता हँडल फिरू देणारा जोड) मिळतो, पण त्याच्या दोन केबल समान ताणात ठेवणं हे रोजचं काम होऊन बसतं. आम्ही लांब केबल वापरतो. आऊटर लीव्हरपासून ब्रेकपर्यंत अखंड, नेहमीपेक्षा ४०० मिमी जास्त, आणि पहिली टाय हेड ट्यूबच्या मागे २५० मिमीवर. ज्या दिशेनं फिरवायचं तिच्या उलट दिशेनं केबल आधीच एक वेढा गुंडाळून ठेवायची, म्हणजे फिरताना ती उलगडते. आतली तार २०५० मिमीची लागते. आऊटर ब्रेकचंच हवं, ५ मिमीचं, आत स्प्रिंगसारखं वेटोळं असलेलं. गिअरच्या आऊटरमध्ये तारा सरळ उभ्या असतात. ब्रेकचा जोर आला की त्या टोकाशी फाकतात आणि लीव्हर हँडलला टेकतो. पुढचा ब्रेक काढलात तर रहदारीत वेग निम्म्यावर ठेवा, एकट्या मागच्या ब्रेकवर थांबायला खूप जास्त अंतर लागतं.

घासायचं कशावर, हाही सायकलचाच भाग आहे. शहाबादी फरशीच्या कडेचा टवका उडतो आणि पेग त्यात अडकून थांबतो. कच्च्या सिमेंटवर नायलॉनची बाही सरकते, स्टील रुततं. सगळ्यात चांगली कड लोखंडी अँगलची, माल उतरवायच्या फलाटांना असते तशी. तिथे जागेच्या मालकाला विचारूनच जा. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या डोळ्यांत भरतात, पण तो घाट देवाधर्माचा आणि लोकांच्या सुखदुःखाचा आहे, तिथे पेग लावायचा नाही. १८ मिमीच्या प्लायचा ३०० मिमी उंच, २४०० लांब खोका करून त्याच्या कडेला ४०×४०×५ चा अँगल बसवला आणि त्यावर साधी मेणबत्ती घासली की शिकायला तेवढं पुरतं.

पहिल्या फेरीनंतर चार गोष्टी पुन्हा आवळायच्या: ॲक्सलचे नट, डावी क्रँक, स्टेमचे बोल्ट आणि तारा. तारा पहिल्या काही उड्यांत बसतात आणि सूर उतरतो, तेव्हा एकदा परत जुळवाव्या लागतात. खाचांच्या ब्रेझिंगवर रंग मारताना गडद रंग नको, पातळ पांढरा द्या. सांध्याला तडा जायला लागला की त्यातून तांबूस रेघ बाहेर येते आणि पांढऱ्यावर ती लांबून दिसते. रेघ दिसली की ग्राइंडरनं साफ करून पुन्हा ब्रेझिंग. त्याच जागी दुसऱ्यांदा आली तर प्लेट कापून नवी लावायची, आणि नळीच चिरली असेल तर फ्रेम भंगारात घालायची.